पहिली बुलेट, पहिले हजार किलोमीटर

शोरूमच्या दारात हार घातलेली रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० उभी असते, घरचे फोटो काढत असतात, पेढे वाटून होतात आणि मग मालकाला ती फुटपाथवरून रस्त्यावर उतरवायची असते. तिथेच पहिल्यांदा घाम फुटतो. आतापर्यंत स्कूटर नाहीतर स्प्लेंडर चालवलेली असते आणि हाताला तेवढ्याच वजनाची सवय असते. स्प्लेंडरचं वजन एकशे बारा किलोच्या आसपास. ही पेट्रोल-ऑइलसकट १९५ किलोची.

माझ्याकडे ही गाडी तीन वर्षं आहे. त्याआधी मामांची जुनी बुलेट चालवली आणि नंतर ओळखीतल्या सात-आठ जणांना क्लासिकवर बसवून शिकवलं. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. बंद गाडी हातात बसली पाहिजे, मग हळू चालवणं, मग थांबवणं. वेग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि पहिल्याच आठवड्यात सिग्नलला गाडी आडवी होते. तोच क्रम इथे सांगतो.

आधी लायसन्स बघून घ्या. तुमचं लायसन्स फक्त बिनगिअरच्या गाडीचं असेल तर त्यावर ही गाडी चालवता येत नाही. गिअरच्या दुचाकीची नोंद करून घ्यावी लागते. अपघात झाला तर विमा नाकारला जाण्याचं हे पहिलं कारण ठरू शकतं, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

जुनं रूप, नवी गाडी

आपल्याकडे क्लासिक असो, हंटर असो की मीटिऑर, सगळ्यांना बुलेटच म्हणतात. बुलेट हे नाव १९३२ पासूनचं, कंपनी मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. पन्नासच्या दशकात आपल्या सैन्यासाठी या गाड्या मागवल्या गेल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. क्लासिकचा गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, आडवा पसरलेला मडगार्ड हे सगळं त्या काळातल्या गाड्यांवरून घेतलंय. आतली गाडी मात्र २०२१ ची आहे: नवी चेसिस, नवं ३४९ सीसीचं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, जोराच्या ब्रेकने चाक जाम होऊ न देणारा एबीएस.

हे मुद्दाम सांगतोय, कारण गाडी घेतली की जुनी बुलेट चालवलेली माणसं भेटतात आणि भरभरून सल्ले देतात. त्यांचं प्रेम खरं असतं, पण त्यातला निम्मा सल्ला वेगळ्या यंत्राचा असतो. मामांच्या गाडीला गिअर उजव्या पायात होते, ब्रेक डाव्या पायात, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. सुरू करायची तर अँपिअर मीटरचा काटा बघत किक हळू दाबायची, इंजिनातला दाब सोडणारी डिकॉम्प्रेसरची कांडी ओढायची, आणि मग एकच दमदार किक. काटा चुकला तर किक उलटी येऊन नडगी सुजायची. नव्या क्लासिकला किकच नाही. बटण दाबा, गाडी सुरू. "सकाळी दहा मिनिटं तापू दे" हाही त्याच काळातला सल्ला. अर्धा-एक मिनिट पुरे, त्यानंतर पहिला किलोमीटर सावकाश चालवत गरम होऊ द्या. मामांची किंवा आजोबांची जुनी बुलेट घरात असेल आणि दोन्ही चालवणार असाल, तर एकाच दिवशी दोन्ही चालवू नका. घाबरून दाबलेला पाय चुकीच्या पेडलवर पडतो.

पहिले दोन दिवस: इंजिन बंद

सपाट, रिकामी जागा शोधा. सोसायटीचं पार्किंग सकाळी सहाला चालतं. शाळेचं मैदान रविवारी मिळालं तर उत्तम.

गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा, दोन्ही हात हँडलवर, कंबर टाकीला टेकलेली. गाडी किंचित आपल्याकडे झुकवून पुढे ढकलत चाला. अगदी सरळ उभी धरलीत तर ती पलीकडे कलंडू शकते आणि पलीकडे तिला धरायला कुणी नसतं. दहा पावलं पुढे, दहा मागे, मग डावीकडे वळण, उजवीकडे वळण. हे कंटाळवाणं वाटेल, पण अर्ध्या तासात हाताला एक गोष्ट कळते: हे वजन एका ठरावीक कोनापर्यंत अगदी हलकं लागतं आणि तो कोन ओलांडला की अचानक दोन माणसांएवढं होतं. तो कोन ओळखणं हाच खरा पहिला धडा.

मग सीटवर बसून तेच पायांनी करा. सीटची उंची ८०५ मिलिमीटर आहे. साडेपाच फुटांच्या माणसाचे पाय बऱ्यापैकी टेकतात. त्याहून कमी उंची असेल तर एक पाय पूर्ण टेकेल अशी सवय लावा. दोन्ही पायांच्या चवड्यांवर तोल सांभाळण्यापेक्षा एक टाच घट्ट जमिनीवर असलेली बरी.

मेन स्टँडवर गाडी चढवताना लोक हातांनी ओढतात आणि पाठ धरते. उजवा पाय स्टँडच्या खुरावर, डावा हात हँडलवर, उजवा हात सीटखालच्या मुठीला. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत हे पायाला जाणवलं पाहिजे. मग अंगाचं सगळं वजन त्या उजव्या पायावर टाकून उभं राहायचं, जिन्याची पायरी चढल्यासारखं. गाडी आपोआप मागे सरकून चढते. माझ्या बहिणीचं वजन पन्नास किलो आहे, तिला तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

साइड स्टँडबद्दल माझी एक चूक सांगतो. एप्रिलमधली दुपार होती. गाडी नवी, मी ती डांबरी रस्त्याच्या कडेला साइड स्टँडवर लावून रसवंतीत गेलो. रस पिऊन येईपर्यंत मऊ पडलेल्या डांबरात स्टँड दोन बोटं रुतला होता आणि गाडी डावीकडे आडवी पडलेली होती. क्लचची मूठ वाकली, टाकीला पोचा आला. त्या दिवसापासून सीटखालच्या पिशवीत लाकडाची एक चपटी फळी असते, तळहाताएवढी. डांबर, चिखल, वाळू, शेतातली माती, कुठेही स्टँडखाली आधी ती फळी. चढावर गाडी लावताना तोंड चढाकडे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. उताराकडे तोंड करून साइड स्टँडवर लावली की ती पुढे सरकते आणि स्टँड मिटतो.

आणि पडलीच तर? ओढून उचलू नका, कंबर जाईल. आधी इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आत्ताच काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर ती त्यावर विसावेल. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा, खालची मूठ टाकीजवळ येते. आता गाडीकडे पाठ करून उकिडवे बसा, कंबर सीटला टेकवा, एका हाताने ती मूठ आणि दुसऱ्याने मागची सळई धरा, आणि पायांच्या जोरावर मागे मागे छोटी पावलं टाकत उठा. पाठ सरळ, हात सरळ, काम पायांचं.

क्लच आणि ती डुगडुग

आता सुरू करा. इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८५.८ मिलिमीटर आहे. पिस्टनचा प्रवास लांब, म्हणून ती रमतगमत ठोके देते आणि म्हणूनच कमी फेऱ्यांना जोर जास्त मिळतो. २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवणारा जोर, मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच हाताशी येतो. सव्वाशे सीसीच्या गाडीत साधारण अकरा न्यूटन मीटर असतो आणि तोही सहा हजारांच्या आसपास. याचा तुमच्या मनगटाशी संबंध असा: छोट्या गाडीवर निघताना ॲक्सिलरेटर पिळायची सवय असते, इथे तिची गरज नाही.

हे करून बघा. सपाट जागेवर पहिला गिअर टाका आणि ॲक्सिलरेटरला हात न लावता क्लच अगदी सावकाश सोडा, एकेक बोट उचलल्यासारखा. एका जागी मूठ हलकी थरथरते, इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी स्वतःहून रांगायला लागते. ती जागा म्हणजे हाफ क्लच. तिथेच थांबा, परत दाबा, परत सोडा. वीस वेळा. नंतर पायांना बूट घालून, नंतर हलक्या चढावर. शहरातली ऐंशी टक्के गाडी याच जागेवर चालते.

साइड स्टँड खाली राहिला असताना गिअर टाकलात तर इंजिन बंद पडतं. पहिल्या आठवड्यात हे हमखास होतं आणि नवा माणूस बिघाड समजून घाबरतो. आधी खाली बघा.

रांगायला जमलं की आठचा आकडा काढा. दोन विटा सात-आठ पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती फिरा. हळू वळताना पुढचा ब्रेक अजिबात नको, मागचा पायाने हलका दाबलेला, क्लच अर्धा आणि नजर पुढच्या विटेवर. चाकाकडे बघितलंत की तोल गेलाच. गर्दीत, यू-टर्नला, पेट्रोल पंपावर पडणाऱ्या बहुतेक गाड्या हळू वळताना पुढचा ब्रेक दाबल्यामुळे पडतात.

गिअर

क्लासिकला पाच गिअर आहेत, पहिला खाली आणि बाकीचे वर, सगळे डाव्या पायात. लिव्हर पुढे-मागे दोन्हीकडे आहे, त्यामुळे वरचा गिअर टाचेनेही टाकता येतो, बुटाची चकाकी टिकते. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा या गाडीला नाही. कान हाच काटा.

माझा अंदाज असा: वीसच्या आत दुसरा, तिशी-पस्तिशीला तिसरा, पंचेचाळीसच्या पुढे चौथा आणि पंचावन्न-साठ झाल्याशिवाय पाचवा नको. टॉर्क भरपूर आहे म्हणून पाचव्यात तीसच्या वेगाने ठोके मोजत जाणारे खूप दिसतात. आवाज छान येतो हे खरं. पण मूठ पिळली की गाडी हिसके देते, चेन ताणली जाते, इंजिनावर नाहक भार येतो. हिसका जाणवला की एक गिअर खाली. इतकंच लक्षात ठेवा.

नव्या गाडीचे पहिले पाचशे किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवू नका आणि मूठ शेवटापर्यंत पिळू नका. वेग सारखा बदलत राहिला पाहिजे, म्हणून शहरातली रोजची ये-जा त्यासाठी चांगली. पहिलं सर्व्हिसिंग वेळेवर करा. त्या वेळी निघणाऱ्या ऑइलमध्ये नव्या भागांच्या घासणीचा बारीक चुरा असतो, तो आत फिरत राहणं बरं नाही.

थांबणं

मला सगळ्यात जास्त काळजी इथे वाटते. गाडी १९५ किलो, तुम्ही सत्तर, मागे कुणी साठचं. सव्वातीनशे किलो साठच्या वेगाने चाललेत. स्कूटरच्या अंदाजाने ब्रेक मारलात तर तुम्ही पुढच्या टेम्पोत असाल.

पुढे ३०० मिलिमीटरची डिस्क आहे, मागे मॉडेलप्रमाणे २७० मिलिमीटरची डिस्क किंवा ड्रम. ड्रमवाल्या मॉडेलला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, म्हणजे मागचं चाक घसरू शकतं. आपली गाडी कोणती, हे घेतानाच विचारून घ्या. परवडत असेल तर दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच घ्या, रंग नंतर बघा.

बऱ्याच जणांना लहानपणी सायकलवर सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक मारू नको, उलटशील. ती भीती या गाडीवर सोडावी लागते. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, पकड तिथे वाढते आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. मैदानात तीसचा वेग घ्या, गाडी सरळ, आणि दोन्ही ब्रेक लावा: मूठ झटक्यात आवळायची नाही, लिंबू पिळतात तशी वाढत्या जोराने. हळूहळू जोर वाढवत न्या. एका क्षणी मुठीत टकटक-टकटक असे धक्के येतील. एबीएस काम करतोय, मूठ सोडू नका. पहिल्यांदा हे धक्के भर रस्त्यात जाणवले तर माणूस दचकून ब्रेक सोडतो, म्हणून ते आधी मैदानात जाणवलेले हवेत. मग चाळीस, मग पन्नास. प्रत्येक वेळी किती पावलांत थांबली ते चालत मोजा. पन्नासचं अंतर तिसाच्या दुपटीहून खूप जास्त भरतं, आणि ते एकदा पायाने मोजलं की पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप वाढतं.

पावसाळ्यात पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास सगळ्यात वाईट. रस्त्यावरचं ऑइल वर येतं. सिग्नलचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं, पुलावरचे लोखंडी सांधे यांवर ब्रेकही नको आणि गाडी झुकवणंही नको. वर्तुळाकार खड्ड्यात पाणी दिसलं तर तो किती खोल आहे हे तुम्हाला माहीत नसतं, म्हणून वळसा घ्या.

चाकं आणि चेन

तारांची चाकं या गाडीला शोभून दिसतात, मलाही तीच आवडतात. पण त्यांत ट्यूब असते. खिळा लागला की हवा पटकन जाते, आणि ट्यूबलेसची वात भरून दहा मिनिटांत मोकळं होता येत नाही. चाक काढायचं, टायर उतरवायचा, ट्यूब बाहेर. पुढचं चाक १९ इंची, मागचं १८ इंची, म्हणजे दोन वेगळ्या ट्यूब लागतात. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे हा साइज असेलच असं नाही. लांब जाताना दोन्ही ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि मागच्या ॲक्सलचा पाना जवळ ठेवा. ही कटकट नको असेल तर अलॉय चाकांचं मॉडेल घ्या, त्याला ट्यूबलेस टायर येतात. रोज हायवेने ऑफिसला जाणाऱ्यांना मी तेच सांगतो.

तारांची तपासणी पंक्चरवाल्या चाचांनी मला शिकवली. गाडी मेन स्टँडवर, चाक हाताने सावकाश फिरवत पाना प्रत्येक तारेला हलका टेकवत जायचा. घट्ट तार टण्ण वाजते, सैल तार थप्प. थप्प ऐकू आलं की ती तार आवळून चाक सरळ करून घ्यायचं. खड्ड्यांच्या रस्त्यावर महिनाभर फिरलात तर हे एकदा कराच.

चेन दर पाचशे किलोमीटरला पुसून तिला ल्यूब मारा. पावसातून आलात तर त्याच संध्याकाळी. कोकणात राहणाऱ्यांनी सायलेन्सर आणि रिम गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायची सवय ठेवावी. खाऱ्या हवेत क्रोमवर आठवड्यात ठिपके येतात आणि एकदा आले की जात नाहीत. टायरमधल्या हवेचा आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. पंपावरचा मुलगा सगळ्याच गाड्यांना एकच हवा भरतो, त्याला आकडा सांगा.

सायलेन्सर बदलू नका, एवढंच म्हणेन. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिस जप्त करतात, रोलरखाली चिरडतात, आणि रात्री अकराला गल्लीत ज्याचं तान्हं बाळ दचकून उठतं तो तुम्हाला ओळखत असतो.

पहिली लांब राइड

हजारच्या आत एकदा घाट करा. पुण्याहून मी नव्या मंडळींना वाईमार्गे पाचगणीला नेतो. हायवेने शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाट्यावरून वाई आणि मग पसरणी घाट. मुंबईकरांनी लक्षात ठेवा, द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्याच रस्त्याने यायचं.

हायवेवर ऐंशी ते पंच्याऐंशीला ही गाडी खरी खुलते. इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर आहे, जुन्या बुलेटसारखे हात बधिर होत नाहीत. मामांच्या गाडीवर साताऱ्याला पोचलं की चहाचा कप हातात थरथरायचा. शंभरच्या पुढे मात्र २० अश्वशक्तीतली फार थोडी उरलेली असते आणि ओव्हरटेक करताना ते कळतं. ट्रक ओलांडायचा असेल तर गाडी पाचव्यात ठेवून वाट बघू नका. चौथा टाका, समोरचा रस्ता दुप्पट मोकळा दिसू दे, मगच निघा.

घाट चढताना तिसरा गिअर बहुतेक ठिकाणी पुरतो, तीव्र वळणाला दुसरा. गिअर वळणाच्या आधी खाली घ्या, वळणात नाही. उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणं ही आत्महत्या आहे. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. मूठ सोडली की हे लांब स्ट्रोकचं इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं, ब्रेक फक्त टेकवायचे. सतत ब्रेक धरून उतरलात तर ते तापतात आणि शेवटच्या वळणावर मूठ दाबूनही गाडी थांबायला वेळ लावते. वर येणाऱ्याला आधी वाट द्या आणि आंधळ्या वळणावर हॉर्न देऊन आपली डावी बाजू धरा. एसटी वळताना पूर्ण रस्ता घेते, तिला घेऊ द्या.

मागे कुणी असेल तर त्यांना दोनच सूचना: वळणात गाडीबरोबर झुका, आणि मी पाय टेकवून "उतरा" म्हटल्याशिवाय उतरू नका. डबलसीट जायच्या आधी मागच्या सस्पेन्शनचा खाचेचा रिंग एक-दोन घर वाढवून घ्या, नाहीतर प्रत्येक गतिरोधकाला मागच्या माणसाच्या मणक्याला फटका बसतो. पहिल्या घाटाला मात्र एकट्यानेच जा.

दर तासाला थांबा, तहान नसली तरी पाणी प्या. दुसऱ्या दिवशी उठल्यावर अंग कुठे दुखतंय ते बघा, त्यावरून बरंच कळतं. कंबर दुखत असेल तर तुम्ही पोक काढून बसला होता. मनगटं आणि खांदे धरले असतील तर अख्ख्या रस्त्यात हँडल आवळून धरलं होतं. पुढच्या वेळी टाकी गुडघ्यांनी धरा आणि मुठी इतक्या सैल ठेवा की कोपर हलवता येईल.